बाजूची टोपली

भिमाबाईंच्या टीव्हीवर गेले दोन महिने एकही मालिका लागली नव्हती. त्यावर जपानी अक्षरं दिसत होती. त्यांच्या सुनेने, रचनाने, टीव्हीला मागून एक वायर लावली होती आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला पत्त्यांच्या कॅटाएवढा एक उघडा हिरवा बोर्ड होता. तो म्हणे कॉम्प्युटर. डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला तो बोर्ड रचना माहेराहून दिवेआगरला घेऊन आली होती. इतर सुना मिक्सर आणतात, हिने हे आणलं, असं भिमाबाई आल्यागेल्याला सांगत. सांगताना कपाळाला आठ्या घालत, पण वायरीला कधी हात लावत नसत.

या सगळ्याचं मूळ होतं विरीत. पोफळीचं, म्हणजे सुपारीच्या झाडाचं, झावळ गळून पडतं तेव्हा त्याच्या बुडाशी जो रुंद, चामड्यासारखा भाग असतो, ती विरी. वादळाच्या आधी बायका वाडीत मजुरीला जात आणि विऱ्या पाणी तापवायला चुलीत घालत. २०२० च्या वादळाने निम्म्याअधिक पोफळी आडव्या केल्या आणि बायकांची मजुरी गेली. नवी रोपं लावली, पण पोफळ काही शाळेतल्या पोरासारखी वर्षाला एक इयत्ता चढत नाही. तेव्हा गावातल्या मनुबाईंनी भिमाबाईंसह बावीस बायकांचा गट केला, पंचायतीकडून एक बंद पडलेली शेड मिळवली आणि उरलेल्या वाड्यांतल्या विऱ्या गोळा करून, धुऊन, गरम साच्यात दाबून त्यांच्या ताटल्या करायला सुरुवात केली. होमस्टेवाले थोड्या घेत. बाकीच्या शेडमध्ये थप्प्या लावून ठेवलेल्या असत. चार वर्षं गट कसाबसा तग धरून होता आणि मग एका जपानी व्यापाऱ्याची ऑर्डर आली. तीनशे बारा खोकी, तीनशे बारा खानावळींना. ऑर्डर दोनदा वाचूनही मनुबाईंचा विश्वास बसेना.

अट एकच होती. प्रत्येक खोक्यावर त्या त्या खानावळीचं नाव आणि पत्ता त्यांच्या लिपीत छापलेला हवा. पाटी वाचता आली नाही तर खोकं पुढे जाणार नाही.

गटाची बैठक भरली तेव्हा अलिबागच्या एका छापखान्याचं नाव निघालं होतं. रचनाला तेव्हा गटात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते आणि ती उठून म्हणाली, "मी करते." सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. ती नवी मुंबईत दोन वर्षं एका कंपनीत नोकरीला होती हे खरं, पण तिथे ती दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम तपासायची. स्वतः लिहिलेलं जगासमोर ठेवायची ही तिची पहिलीच वेळ. मनुबाईंनी तिला बाहेर जायला सांगितलं. ती परत आत आली तेव्हा काम तिला मिळालेलं होतं. आत काय बोलणं झालं ते तिने विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

छापायचं यंत्र रत्नपालने शोधलं. रत्नपाल म्हणजे रचनाचा नवरा, उरणला कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर, महिन्यातून दोनदा घरी येणारा. तिकडे मासे गोठवणारा एक कारखाना बंद पडला होता, त्याचा माल जपानला जायचा, त्यामुळे त्यांच्या लेबल छापायच्या यंत्राच्या पोटात जपानी अक्षरं भरलेली होती. यंत्र जुनं, पण ठणठणीत. मात्र तऱ्हेवाईक. साध्या आकड्यांना आणि इंग्रजी अक्षरांना एक हुकूम द्यायचा, हिरागाना नावाच्या वळणदार अक्षरांना दुसरा, काताकाना नावाच्या टोकदार अक्षरांना तिसरा आणि कांजी म्हणजे ती चित्रासारखी भरगच्च अक्षरं, त्यांना चौथा. कुठलं अक्षर कुठल्या प्रकारचं हे आपण आधी ओळखून सांगायचं. चुकीचा हुकूम दिला की यंत्र मुकाट कोरी जागा सोडून पुढे जायचं. आणि त्याला हुकूम द्यायचे तर ते सी या प्रोग्रामच्या भाषेतच, कारण त्याच्याबरोबर आलेली सगळी सामग्री सीमध्ये होती.

रचनाला हे काम वाटलं तेवढं परकं नव्हतं. शेडमध्ये विऱ्या निवडतात त्यातलाच हा प्रकार. रुंद विरी ताटलीच्या टोपलीत, अरुंद वाटीच्या, आखूड चमच्याच्या. आणि जी कशातच बसत नाही ती बाजूच्या टोपलीत. या बाजूच्या टोपलीबद्दल मनुबाईंचा एक कडक नियम होता. तिच्यातलं काहीही एकीच्या नजरेवर टाकून द्यायचं नाही. संध्याकाळी टोपली उपडी करायची आणि जिने निवडलं नाही तिने ते पुन्हा बघायचं. रचनाने प्रोग्राममध्ये चार टोपल्या केल्या आणि पाचवीला सरळसरळ बाजू हेच नाव दिलं.

खोकी निघायच्या पंधरा दिवस आधी त्या बाजूच्या टोपलीत एक नुसती आडवी रेघ शेकड्याने येऊन पडली होती. रचना तिला खूण समजून सोडून देणार होती. नियम म्हणून तिने यादी मनुबाईंना दाखवली. मनुबाईंनी चष्मा नाकावर सरकवून बराच वेळ कागद न्याहाळला.

"ही काडी एकटी कुठं बसल्येय का बघ," त्या म्हणाल्या. "न्हाय बसत. दर खेपेला त्या टोकेरी अक्षरांच्या मागं बसत्येय. मग ती त्यांचीच गो. त्यांच्यात घाल."

बरोबर होतं. रेघ काताकानाच्या टोपलीत गेली आणि घरच्या टीव्हीवर तीनशे बाराच्या तीनशे बारा नावं सरळ उमटली. बाजूला शून्य. त्या दिवशी रचना घरी नाचायचीच बाकी होती. भिमाबाई म्हणाल्या, "झालं ना? मग काढ ती वायर." पण यंत्रावर छापून बघितल्याशिवाय झालं म्हणायचं नाही, एवढं रचनाला नोकरीने शिकवलं होतं. आणि यंत्राची जाडजूड केबल हरवलेली. ती मिळता मिळता दोन आठवडे गेले आणि टेम्पोवाल्या हर्षदने बुधवारी संध्याकाळी ती आणून दिली. खोकी निघायची होती गुरुवारी.

गुरुवारी सकाळी दहा वाजता शेडमध्ये बावीस बायका, भरलेली तीनशे बारा खोकी आणि दारात हर्षदचा टेम्पो अशी सगळी तयारी होती. टेम्पोला दिघीहून दीडची फेरीबोट गाठायची होती. खाडी ओलांडून अगरदांड्याला उतरलं की मुरूड, काशीद करत सहाच्या आत उरण, आणि सहाला कंटेनरचं दार बंद. ती बोट चुकली तर म्हसळ्याकडून वळसा, म्हणजे कंटेनर गेलाच. पुढचा महिनाभराने. व्यापाऱ्याने स्वच्छ लिहिलं होतं, या वेळी माल आला नाही तर पुढे बोलणं नाही. आणि ही खोकी गेली नाहीत तर गट मोडला, हे कुणी लिहायची गरज नव्हती.

केबल जुनी, रुंद तोंडाची. ती घरच्या बोर्डाला बसेना, म्हणून रचनाने प्रोग्राम शेडमधल्या पंचायतीच्या जुन्या कॉम्प्युटरवर आणला. तिथे तो नव्याने बांधून, म्हणजे त्या कॉम्प्युटरला कळेल अशा रूपात आणून घेतला, एकही तक्रार आली नाही. तिने बटण दाबलं. यंत्र खरखरलं आणि पहिलं लेबल बाहेर आलं.

लेबल कोरं होतं. खालच्या कोपऱ्यात जपानी पिनकोडचे सात आकडे, आणि वर काही नाही.

दुसरं कोरं. तिसरं कोरं. चौथ्यात इंग्रजी एक अक्षर होतं आणि तेही केविलवाणं दिसत होतं. रचनाने यंत्र थांबवलं. पडद्यावर तिने टोपल्यांची मोजणी बघितली. हिरागाना शून्य, काताकाना शून्य, कांजी शून्य, बाजूला हजारो. काल संध्याकाळपर्यंत घरी याच प्रोग्रामने एकूण एक अक्षर बरोबर ओळखलं होतं. त्यात एक स्वल्पविरामही बदललेला नव्हता.

"काय झालं?" मनुबाईंनी विचारलं.

"दिसत नाहीये."

"काय दिसत न्हाय?"

"अक्षरं. एकही नाही."

समोर भिंतीशी बसलेल्या भिमाबाईंनी नुसतं एकदा वर बघितलं. त्यांच्यासमोरचा चहा सकाळपासून तसाच होता, त्यावर साय धरली होती. चहासाठी भांडणाऱ्या बाईने चहा सोडला आहे हे रचनाला दिसलं.

तिने केबल काढून लावली. यंत्र बंद करून चालू केलं. यादीची फाइल पुन्हा आणली. अकराला पाच मिनिटं कमी. हर्षद दारातून डोकावला, घड्याळाकडे बघून परत गेला. रचनाला अलिबागचा छापखाना आठवला. त्यांनी कधीच छापून दिलं असतं. मी करते, हे दोन शब्द तिला आता कुणाकडून तरी परत मागून घ्यावेसे वाटत होते.

मनुबाई तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. रागावल्या नव्हत्या. त्या विऱ्यांपुढे उभ्या राहतात तशाच कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"सगळं बाजूला पडलंय म्हणतेस?"

"हो, काकी."

"मग बसल्येस काय? उपडी कर की टोपली. बघू दे काय पडलंय त्यात."

इतकं साधं. रचना इतका वेळ केबलशी झटत होती आणि टोपलीत तिने डोकावलंही नव्हतं. तिने प्रोग्राममध्ये एक ओळ घातली, की बाजूला पडणाऱ्या प्रत्येकाचा आकडा पडद्यावर दाखव. कॉम्प्युटरच्या पोटात प्रत्येक अक्षर म्हणजे आकडा असतो. काताकानाची बहुतेक अक्षरं १३१ या आकड्याने सुरू होतात, हे तिला आता झोपेतही सांगता आलं असतं.

पडद्यावर आकडे धावले. उणे १२५. उणे १२५. उणे १२६. उणे १२५.

"उणे?" रचना स्वतःशीच म्हणाली. अक्षर उणे कसं असेल? तिचा प्रोग्राम विचारत होता, तू १२९ किंवा त्याहून मोठा आहेस का, आणि उणे असलेलं प्रत्येक अक्षर प्रामाणिकपणे नाही म्हणून बाजूला जाऊन बसत होतं. पण घरी तर हेच अक्षर १३१ होतं. तीच फाइल, तोच प्रोग्राम.

नेमक्या त्या वेळी पलीकडे भिमाबाई एका बाईवर खेकसल्या. हात मोकळे राहिले की त्यांना काळजी खाते, म्हणून त्या पुढच्या खेपेच्या विऱ्या निवडायला बसल्या होत्या.

"ती उचलू नको तशीच. पडवीत निवडलेली हाय ती. अंगणात आणून परत बघ. पडवीत चांगली दिसत्येय, उन्हात बुरशी दिसंल."

हाही शेडचा रोजचाच नियम. एका जागी निवडलेली विरी दुसऱ्या जागी पुन्हा निवडायची, कारण उजेड बदलतो. रचनाने तो शंभरदा ऐकला होता. आज मात्र ती खुर्चीत ताठ बसली. आपण पडवीत निवडलं. अंगणात बघितलंच नाही.

घरचा तो हिरवा बोर्ड एका प्रकारचं यंत्र, शेडमधला कॉम्प्युटर दुसऱ्या प्रकारचं. सी भाषेत एक अक्षर ठेवायला जे छोटं घर असतं, त्यात दोनशे छप्पन्न आकडे मावतात. पण ते शून्यापासून वर मोजायचे, की निम्मे उणे धरायचे, हे भाषेने ठरवलेलंच नाही. ज्या त्या यंत्रावर सोडलं आहे. इंग्रजी अक्षरं खालच्या निम्म्यात राहतात, त्यांना फरक पडत नाही. जपानी अक्षरं वरच्या निम्म्यातून सुरू होतात. घरी १३१ चे १३१च राहिले होते. इथे त्याचे दोनशे छप्पन्नने घसरून उणे १२५ झाले. हे तिला कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेत दोन मार्कांना आलंही होतं आणि तिने बरोबर लिहिलं होतं. दोन मार्क मिळवले आणि विसरली.

उपाय एका शब्दाचा होता. घराच्या आधी लिहायचं, अनसाइन्ड. म्हणजे या घरात उणं कुणी नाही. तिने तो शब्द लिहिला. घाईत तो दोनदा चुकला. प्रोग्राम पुन्हा बांधला आणि बटण दाबलं.

यंत्र खरखरलं. आधी एक टोकदार अक्षर आलं, मग दुसरं, मग मनुबाईंची ती काडी, मग दोन भरगच्च कांजी. लेबल हळूहळू बाहेर सरकत होतं आणि बावीस बायका भोवती वाकून बघत होत्या. कुणालाच त्यातलं ओ की ठो वाचता येत नव्हतं. तरी सगळ्यांना कळलं.

"आलं गो, आलं!" कुणीतरी ओरडलं आणि शेडमध्ये एकच कालवा झाला. रचनाचा जीव भांड्यात पडला.

"गप बसा," मनुबाई म्हणाल्या. "बरोबर हाय का ते कोण सांगणार?"

व्यापाऱ्याने नमुन्यादाखल एका लेबलाचा फोटो पाठवला होता, पहिल्याच खानावळीचा. रचनाने तो फोनवर उघडला. तेवढ्यात भिमाबाई उठून आल्या, त्यांनी फोन आणि लेबल एकाच हातात शेजारी शेजारी धरलं आणि दारात उजेडाला जाऊन उभ्या राहिल्या. भिमाबाईंना सही करता येते, त्यापलीकडे वाचन नाही. पण विरीवरचा नखाएवढा डाग त्यांच्या नजरेतून आजवर सुटलेला नाही.

"हितं दोन ठिपके, हितं पण दोन," त्या बोट ठेवत गेल्या. "हितं काडी. व्हय, हाय. ह्या घरासारख्या अक्षराला आत तीन रेघा. एक, दोन, तीन. हायत." शेवटच्या आकड्यापर्यंत बोट नेऊन त्यांनी लेबल मनुबाईंच्या हातात दिलं. "छापा."

मग जे काम झालं ते बघण्यासारखं होतं. यंत्र लेबल ओकत होतं, एकजण ते कापत होती, दोघी क्रमांक जुळवत होत्या, बाकीच्या चिकटवत होत्या. साडेबाराला शेवटचं लेबल निघालं. मनुबाईंनी तेव्हाही विचारलंच, "बाजूला किती?"

"काही नाही," रचना म्हणाली. "शून्य, काकी."

हर्षदने पाऊण वाजता टेम्पो काढला. तो गेल्यावर शेड एकदम मोठी वाटायला लागली. कुणाला जेवायचं सुचेना. सव्वा वाजून गेला, दीड झाला. दीड वाजून सात मिनिटं झाली असताना फोन वाजला. मागे इंजिनाचा आणि वाऱ्याचा आवाज येत होता.

"वैनी, बोटीवर चढलो," हर्षद ओरडून सांगत होता. "मागनं तिसरा. टेन्शन नका घेऊ, अगरदांडा समोर दिसतंय."

मग मात्र हसण्याला ऊत आला. डबे उघडले. कुणी पापलेटचं कालवण आणलं होतं, कुणी नुसती भाकरी आणि सुकटीची चटणी, सगळं एकमेकींच्या ताटात गेलं. ताटं अर्थात विरीचीच. भिमाबाईंनी साय धरलेला चहा ओतून दिला, नवा मागवला आणि लागोपाठ तीन कप प्यायल्या.

हात धुताना मनुबाई रचनाच्या शेजारी आल्या.

"एक सांगू? त्या दिवशी तुला भायर पाठवलं तेव्हा मी न्हाय म्हणाले होते. म्हणाले, पोरगी नवी हाय, अजून तिच्या हातचं काम कुणी बघितलं न्हाय, बाजूला ठेवू." मनुबाईंनी पदराला हात पुसले. "तुझी सासू उठली. म्हणाली, बाजूला ठेवलंत ना, मग नियमानं दुसरी नजर लागत्येय. ती माझी. मी तिला घरी रोज बघत्येय, ते कॉम्प्युटरचं मला कळत न्हाय, पण ती टाकायची विरी न्हाय. आणि तिचं चुकलं तर तिच्या आधी माझं नाव गटातनं काढा."

वादळानंतर भिमाबाईंकडे या गटाशिवाय दुसरं काही नव्हतं, हे तिला माहीत होतं. दोन महिने ती बाई टीव्हीपुढे आठ्या घालून बसत होती, वायरीवरून टोमणे मारत होती आणि एका शब्दाने हे बोलली नव्हती. सकाळचा तो चहा कशामुळे सुटला ते आता तिला कळलं. तिचे डोळे भरून आले आणि ते तिने लपवलेही नाहीत.

भिमाबाई लांबून बघत होत्या. "बघत्येस काय?" त्या म्हणाल्या. "मनूला पोटात काय ठेवता येत न्हाय. चल घरी, वायर काढ माझ्या टीव्हीची."

सहाला दहा मिनिटं कमी असताना रत्नपालचा फोटो आला. कंटेनरच्या आत खोक्यांची भिंत, प्रत्येकावर पांढरं लेबल, आणि खाली त्याने लिहिलं होतं, दार लावलं. रचनाने फोटो भिमाबाईंना दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करायला लावला, दोन-तीन लेबलांवरची काडी शोधली आणि मान डोलावली.

मग रचनाने टीव्हीच्या मागची वायर काढली, हिरवा बोर्ड डब्यात ठेवला आणि मालिका लावून दिली. दोन महिन्यांत गोष्ट बरीच पुढे गेली होती. कोण कुणाची सून झाली आहे हे विचारायला भिमाबाईंनी तोंड उघडलं, पण पहिली जाहिरात लागायच्या आतच त्यांची मान भिंतीला टेकली होती. काल रात्री त्या जाग्या होत्या, रचनाने त्यांना कूस बदलताना दोनदा ऐकलं होतं. तिने आवाज अगदी कमी केला, सासूच्या मानेखाली उशी सरकवली आणि तिथेच शेजारी बसून राहिली.